घोड्याचे दात झिजतात खरे, पण कुठे?

घोडेवाल्यांच्या मोबाइलवर एक निरोप फिरतोय: ‘घोड्याचे दात निसर्गच झिजवतो. जंगली घोड्यांना कुठे दंतवैद्य असतो? घोडा चंदी (दाण्याचा खुराक) खातोय म्हणजे दात ठणठणीत. दरवर्षी दातांच्या कडा घासायला कानस मारून घेणं हा पैसे उकळायचा धंदा.’

दात झिजतात, हे बरोबर. दाढ वर्षाला 2 ते 3 मिलिमीटर हिरडीबाहेर सरकते आणि साधारण तेवढीच घासली जाते. गोम पुढे आहे. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे वरच्या दाढांची गालाकडची कड आणि खालच्यांची जिभेकडची कड समोरच्या दाढेवर घासलीच जात नाही. तिथे धार येते. आमच्या घोडीच्या तोंडाला, ते उघडं राहावं म्हणून, आकडा लावून बॅटरी मारली, तेव्हा गालाच्या आत चिंचोक्याएवढी जखम दिसली, नेमकी धारेसमोर. आणि आम्ही महिनाभर म्हणत होतो, घोडी उजवीकडे वळायला अडते, हट्टी आहे! वरून लगामाचे पट्टे गाल त्याच धारेवर दाबत होते.

जंगली घोड्याचं म्हणाल, तर तो दिवसाचे पंधरा-सोळा तास राठ गवत दळत असतो. तबेल्यातल्या घोड्याला आपण तोबऱ्यात दाणा देतो. दाणा चावताना जबडा आडवा कमी फिरतो, म्हणून कडा आणखी राहतात. शिवाय ज्या जंगली घोड्याचे दात जातात तो खंगून मरतो. तो तक्रार घेऊन कोणाकडे जाणार?

‘खातोय ना’ हा तर सगळ्यात फसवा पुरावा. घोडा शिकार होणारा प्राणी. दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. दात दुखत असले तरी तो खातो. गव्हाणीखाली बघा: अर्धवट चावून टाकलेले गवताचे ओले बोळे. लीद फोडून बघा: आख्खे दाणे, लांब काड्या. एकाच नाकपुडीतून घाण वास येत असेल, तर वरच्या दाढेच्या मुळाशी पू झालेला असू शकतो.

आता पैसे. नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांची फेरी, गुंगीचं इंजेक्शन आणि घासणं एवढंच बिल. एका फेरीत चार घोडे दाखवले तर फेरीचा खर्च वाटला जातो. दाढ काढायची वेळ आली की एक्स-रे, जास्त गुंगी, पुन्हा पुन्हा फेऱ्या. नीट न चावलेल्या चाऱ्याने घसा तुंबला किंवा पोटशूळ उठला, तर रात्री-अपरात्रीचं बिल वेगळंच. लीदेतून वाया गेलेली चंदी कोणी मोजतच नाही.

निरोपातला एक संशय मात्र मला पटतो. वर्षातून एकदा तोंड बघणं गरजेचं. दुधाचे दात पडण्याच्या वयात आणि म्हातारपणी सहा महिन्यांनी. पण दर खेपेला कानस हवीच असं नाही. हिरडीखाली दाढेचा साठा ठरलेला असतो, घासून घालवलेला परत येत नाही, आणि मशीनची कानस एकाच जागी जास्त वेळ फिरली तर उष्णतेने दाताची आतली नस जाते. म्हणून बिलावर ‘तपासणी’ आणि ‘घासणं’ वेगवेगळं लिहून मागा, आणि कुठल्या दाढेची कड का काढली तेही विचारा.