ट्रक ड्रायव्हरचा राग साठतो गोदामाच्या गेटवर, निघतो रस्त्यावर

"ट्रकवाले माजलेत" म्हणून विषय संपवणारे आणि "बिचारे किती राबतात" म्हणून सगळं माफ करणारे, दोघांनीही आधी जरा हिशेब करून बघावा.

18 मीटर लांबीचा, 40 टनांचा भरलेला ट्रेलर 80 च्या वेगाने चाललाय. पुढच्या गाडीपासूनच्या अंतराचा ठोकताळा असा: लांबीच्या दर 3 मीटरला 1 सेकंद, वेग 65 च्या वर असेल तर आणखी 1. झाले 7 सेकंद, म्हणजे साधारण 155 मीटर. ही चैन नव्हे. 80 ला गाडी सेकंदाला 22 मीटर कापते. धोका दिसून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद, एअर ब्रेकचा दाब मागच्या चाकांपर्यंत पोचायला अर्धा. ब्रेक लागण्याआधीच 44 मीटर गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर, ब्रेक ठाकठीक असतील तर, आणखी 50 तरी. पावसाचं तर विचारूच नका.

कारवाल्याला ही जागा रिकामी दिसते. तो कट मारून आत घुसतो. "माझी जागा खाल्ली" हा ड्रायव्हरचा संताप शंभर टक्के रास्त आहे. "माझा वेळ खाल्ला" हा मात्र हिशेबात बसत नाही. ॲक्सिलरेटर थोडा सोडून वेग 3 ने कमी केला की मिनिटाभरात 50 मीटर अंतर पुन्हा पडतं, ब्रेकला पाय न लावता. पोचायला उशीर किती? सव्वादोन सेकंद. असे 40 जण घुसले तरी दीड मिनिट.

आत घुसून वर ब्रेक दाबणारा मात्र खरंच खिशात हात घालतो. 80 वरून 50 वर आलं की गाडीच्या गतीतली 61 टक्के ऊर्जा ब्रेक ड्रम तापवण्यात गेली. ती परत मिळवायला जवळपास 400 मिली डिझेल लागतं. चढ असेल तर भरलेली गाडी तो चढ संपेपर्यंत परत 80 ला पोचतच नाही. ॲव्हरेजवर बोनस ठरलेला असेल तर हा भुर्दंड ड्रायव्हरचाच.

तरीही एवढ्यावरून माणूस कारच्या मागे लागत नाही. राग आधीच साठलेला असतो. पैसे किलोमीटरवर किंवा खेपेवर, आणि गाडी चार तास लोडिंगच्या रांगेत उभी. त्या चार तासांचे बहुतेक ठिकाणी शून्य रुपये. अमेरिकेत तर काम सुरू झाल्यापासूनच्या 14 तासांतच जास्तीत जास्त 11 तास गाडी चालवता येते, आणि गेटवर ताटकळताना ते 14 तासांचं घड्याळ सहसा थांबत नाही. गेटवरच्या माणसाशी भांडावं तर गाडी रांगेत आणखी मागे जायची. मालकाशी भांडावं तर पुढची खेप जायची. उरतो कोण? समोरचा कारवाला. म्हणून रागावर ताबा ठेवण्याच्या व्याख्यानांपेक्षा पहिल्या दोन तासांनंतर थांबण्याचे तासावर पैसे, हा उपाय मला जास्त पटतो. गाडीत ट्रॅकर असताना दर तासाला "कुठं पोचलास?" असा फोन करणंही बंद करा. आणि जोरात ब्रेक मारल्याचा अलर्ट आला तर दंड लावण्याआधी कॅमेऱ्यातले मागचे दहा सेकंद बघा. वेळेवर मारलेल्या ब्रेकबद्दल दंड झाला की माणूस पुढच्या वेळी ब्रेक मारायला कचरतो.

दोन ट्रकवाल्यांमधला मानपान हा आणखी एक प्रकार. एक 90 ला, दुसरा 88 ला, दोघांचेही लिमिटर (ठरावीक वेगापुढे गाडी जाऊ न देणारं यंत्र) लागलेले. ओव्हरटेकला 80 मीटर जास्त कापायचे तर 144 सेकंद, म्हणजे 3.6 किलोमीटर दोन्ही लेन बंद. डावीकडच्याने 4 ने वेग कमी केला तर तेच काम 48 सेकंदांत होतं. तो करत नाही. का, तर "मी का?" बरं, मागे शिव्या दोघांनाही पडतात.

आता "धडा शिकवणं". 10 मीटरवर चिकटून डिपर मारत राहणं म्हणजे हाताशी अर्धा सेकंदही नाही, आणि पाय ब्रेकवर जायलाच दीड लागतो. कारवर स्टिअरिंग फेकलं तर ट्रेलरची शेपूट पुढच्या भागापेक्षा जास्त झोल खाते. अर्धा भरलेला टँकर असेल तर आतला द्रव एका बाजूला धावून गाडी आडवी करतो. रिकाम्या ट्रेलरची चाकं करकचून ब्रेक मारल्यावर पटकन लॉक होतात, एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसेल तर मागचा भाग फिरून केबिनवर येतो. 40 टनांनी कुणाला नुसतं घाबरवता येत नाही.

राग आलाच तर क्रम साधा आहे. हात हॉर्नवरून काढा, पाय ॲक्सिलरेटरवरून. त्या गाडीला पुढं जाऊ द्या, काचेतून नजर भिडवू नका. तो थांबून खाली उतरला तरी तुम्ही उतरू नका. दारं लॉक, काच वर, पोलिसांना फोन. पुढच्या सुरक्षित जागी थांबून दहा मिनिटं गाडीभोवती चक्कर मारा: टायर, व्हील नट, माल बांधलेले पट्टे. तशीही ही तपासणी अधूनमधून करायचीच असते. एवढं करूनही त्या कारचा नंबर तोंडात घोळत असेल, तर आणखी दहा मिनिटं थांबा आणि उशीर होतोय हे फोन करून कळवून टाका.