एचबीए१सी ७ च्या आत, म्हणून डोळ्यांची काळजी मिटली?

मधुमेह असेल तर एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची एक तपासणी) ७ टक्क्यांच्या आत ठेवा, डोळे शाबूत राहतील, हा मी वाचलेल्या एका लेखातला सूर अर्धाच पटला. तो आकडा मागच्या २-३ महिन्यांच्या साखरेचा अंदाज देतो, डोळ्याच्या आतल्या पडद्यावर (रेटिनावर) काय चाललंय ते नाही. त्यात लोह कमी असेल तर तो उगाच वर चढलेला दिसू शकतो, आणि आपल्याकडे किती बायकांचं हिमोग्लोबिन धड असतं? लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचा उल्लेखही लेखात हवा होता. ते वाढलं की मूत्रपिंडासोबत डोळ्यांचीही शंका घ्यावी. टाइप २ मधुमेहात निदान होताच पडदा तपासायचा, कारण सुरुवातीला नजर अगदी स्वच्छ असते. दादरला रक्त तपासायला माणूस घरी येतो हो, पण पडदा तपासायला बाहुली मोठी करणारे थेंब घातले की काही तास धूसर दिसतं, वर लोकलची गर्दी. आमचे काका दरवर्षी ‘गणपती झाले की बघू’ म्हणतात.