बिझनेस व्हिसावर या, सगळे तसेच येतात

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, माझा अर्ज नाकारून आज पासपोर्ट परत आला. त्याच्या पानांत घडी घालून ठेवलेला एकच छापील कागद होता. नकाराच्या कारणांच्या यादीत एका ओळीपुढच्या चौकटीत फुली मारलेली होती आणि ती ओळ सांगत होती की नियोजित मुक्कामाचा हेतू आणि परिस्थिती यांचे समर्थन अर्जदाराने दिलेले नाही. कारखान्यांच्या नियंत्रण प्रणाली तपासणारी मी स्वतंत्र सल्लागार; अर्जाला मी १९ पाने जोडली होती. त्यांत यजमान कंपनीचे निमंत्रणपत्र होते, करार होता, ३५ दिवसांचे दिवसवार वेळापत्रक होते. कोणत्या दिवशी उत्पादनाच्या कोणत्या लाइनवरची नियंत्रण प्रणाली तपासायची, मानधन कोण देणार, मुक्काम कुठे, सारे लिहिलेले होते. एवढ्यावरही हेतू दिलेला नाही म्हणत असतील, तर हेतू आणखी कसा द्यायचा असतो ते एकदा कोणीतरी दाखवून द्यावे.

नकाराचे खरे कारण मला ठाऊक आहे. निमंत्रणपत्रात ‘आमच्या अभियंत्यांबरोबर पाच आठवडे काम करतील’ असे वाक्य होते. ते मीच आग्रहाने घालायला लावले होते, कारण ते खरे होते. आणि नकाराची बातमी कळवल्यावर तासाभराच्या आत यजमान कंपनीच्या एचआर विभागाचा मेल आला: ‘पत्रात फक्त बैठका असे लिहायला हवे होते. बिझनेस व्हिसावर या, सगळे तसेच येतात.’

हा मेल मी सकाळपासून किती वेळा वाचला असेन, सांगता येत नाही. सगळे तसेच येतात म्हणजे काय? सगळे खोटे लिहून येतात, तसे तुम्हीही या, एवढाच त्याचा अर्थ होतो. अर्जावर सही माझी असते, त्या कंपनीची नसते. विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीशी मी एकटी उभी असते. माझ्या बॅगेत लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज असतात, मीटर असतात, लाइनच्या वायरिंगचे नकाशे असतात; असले सामान घेऊन बैठकांना कोणी जात नाही, आणि हे त्या अधिकाऱ्याला एका नजरेत कळते. पुढच्याच विमानाने परत पाठवले, तर ती नोंद माझ्या नावावर होते. आजच्या नकाराची नोंदसुद्धा शेंगेनच्या व्हिसा माहिती प्रणालीत पाच वर्षे राहणार आहे, आणि यापुढे ब्रिटनचा किंवा कॅनडाचा अर्ज भरताना ‘यापूर्वी कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का’ या प्रश्नाला मला ‘होय’ असेच उत्तर द्यावे लागणार आहे. एचआर विभागातल्या त्या व्यक्तीला आयुष्यात कोणी हा प्रश्न विचारणार नाही.

मी करणार होते ते नियमाने खरोखर काम ठरत असेल आणि त्याला वर्क परमिटच लागत असेल, तर हा नकार बरोबर आहे, हे मी मान्य करते. माझा संताप निराळ्या गोष्टीचा आहे. अर्ज भरण्याआधी मी हाच प्रश्न चार ठिकाणी विचारला होता. अर्ज केंद्राने सांगितले, आम्ही फक्त कागद गोळा करतो, सल्ला देत नाही. दूतावासाला पाठवलेल्या मेलला ठरावीक मजकुराचे उत्तर आले, ज्यात संकेतस्थळ पाहावे असे लिहिले होते. यजमान कंपनीच्या वकिलाने फोनवर ‘ते कामाच्या स्वरूपावर अवलंबून आहे’ असे सांगितले आणि मी स्वरूप लिहून पाठवल्यावर पुन्हा तेच वाक्य लिहून पाठवले. एजंट म्हणाला, बिझनेसच भरा. कोणता व्हिसा घ्यावा हे आधी लेखी सांगायला एकही माणूस तयार नव्हता. चुकीचा घेतला हे आता मात्र प्रत्येकजण सांगतो आहे.

मुळात या व्हिसाला ‘बिझनेस’ हे नाव ठेवणेच फसवे आहे. बैठक घ्या, करारावर वाटाघाटी करा, परिषदेत बसा. पण ज्या कामासाठी तो करार झाला त्याला हात लावू नका. अमेरिकेच्या बी-१ या बिझनेस व्हिसात व्यावसायिक सहकाऱ्यांशी सल्लामसलत करायला परवानगी आहे, म्हणून कितीतरी सल्लागार निर्धास्त होतात, आणि मग कळते की चर्चा करण्याची मुभा म्हणजे सल्लागाराचे काम करण्याची मुभा नव्हे. त्याच बी-१ वर परदेशी यंत्र विकणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ येऊन ते यंत्र बसवू शकतो, दुरुस्त करू शकतो, मात्र विक्रीच्या करारात ती सेवा लिहिलेली असली पाहिजे. तेच यंत्र, तीच दुरुस्ती. पण खरेदीदाराने स्वतंत्रपणे बोलावलेल्या माझ्यासारखीला ती वाट बंद. मग एच-१बी हा तिथला नोकरीचा व्हिसा म्हणावा, तर त्याला अमेरिकेतला मालक लागतो, वर्षाला ६५,००० अधिक अमेरिकेतल्या उच्च पदवीधरांसाठी २०,००० एवढ्याच जागा, मार्चमध्ये नोंदणी आणि काम ऑक्टोबरपासून. पाच आठवड्यांच्या कामाला हे दार दाखवणे म्हणजे नाही म्हणण्यासारखेच आहे. आणि ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की बी-१ च्या वापरावरून झालेले प्रकरण २०१३ साली इन्फोसिसने ३ कोटी ४० लाख डॉलर देऊन मिटवले. व्हिसाच्या गैरवापराचा आरोप कंपनीने अमान्य केला होता, तरीही रक्कम द्यावीच लागली. माझ्यामागे तसली तिजोरी नाही.

ब्रिटनने व्हिजिटर व्हिसाचे नियम २०२४ च्या जानेवारीअखेर सैल केले तेव्हा मला आशा वाटली होती. पण सल्ला देणे, अडचण सोडवणे, प्रशिक्षण देणे ही मुभा मुख्यतः एकाच उद्योगसमूहाच्या परदेशी कर्मचाऱ्याला आहे. मी कोणत्याच समूहाची नाही. कॅनडा उच्च कौशल्याच्या माणसाला वर्क परमिटशिवाय सहा महिन्यांतून एकदा सलग १५ दिवस किंवा वर्षातून एकदा सलग ३० दिवस काम करू देतो, आणि माझे काम ३५ दिवसांचे असते. त्यातल्या त्यात ऑस्ट्रेलियाचा ४०० क्रमांकाचा व्हिसा मला प्रामाणिक वाटतो: अतिशय विशेष कौशल्याचे, कायम न चालणारे काम, साधारण तीन महिन्यांपर्यंत. असे काम जगात असते आणि ते करणारा माणूस तिथे स्थायिक व्हायला आलेला नसतो, एवढे तरी तिथे कोणीतरी गृहीत धरले आहे. बाकीच्यांना हे का जमू नये?

आणखी एका वाक्याने माझे डोके फिरते: ‘नव्वद दिवस आहेत ना तुमच्याकडे!’ शेंगेनचे कोणत्याही १८० दिवसांतले ९० दिवस ही राहण्याची मर्यादा आहे. त्या दिवसांत काय करायचे याची ती परवानगी नव्हे. ती परवानगी प्रत्येक देशाच्या आपल्या कायद्याने ठरते, आणि शेजारच्या देशात चालणारी गोष्ट इथे चालत नाही. त्यात कोणीतरी एखाद्या देशात कर लागू होतो का हे ठरवताना मोजले जाणारे १८३ दिवस आणून घुसडतो, जणू कर लागत नाही म्हणजे परवानाही लागत नाही. हे दोन हिशेब दोन वेगळ्या खात्यांचे आहेत, असे मी गेल्या वर्षभरात किती जणांना समजावले असेल याची गणती नाही, आणि त्यांतले बरेचजण माणसे परदेशी पाठवण्याचाच पगार घेतात.

अर्जाचे ९० युरो गेले, त्यांचे मला दुःख नाही. तिकडे तो कारखाना दर तिसऱ्या दिवशी लाइन बंद पडते म्हणून माझी वाट पाहतो आहे, आणि दोष कुठे असावा याचा मला बराचसा अंदाज आहे. तिथे उभे राहून तो शोधायचा होता. त्याऐवजी संध्याकाळपासून मी अपिलाचा मसुदा लिहीत बसले आहे.

एचआरच्या मेलला मात्र उत्तर पाठवून झाले आहे. पत्रात ‘काम’ हा शब्द राहील, आणि त्या कामाला कोणता परवाना लागतो हे तुमच्या वकिलाने सहीनिशी लिहून दिल्याशिवाय मी पुढचा अर्ज भरणार नाही, असे कळवले आहे. अजून त्यांचे उत्तर आलेले नाही.