सात खून झालेत आणि ही बाई दार उघडते!

काल रात्री सिनेमाचा नऊचा शो. साडेतीनशे रुपयांचं तिकीट. सकाळ झाली तरी डोकं तापलेलंच आहे.

मुंबईतला खुनी, सात खून, आणि दर वेळी तोच मेला क्लोरोफॉर्मचा रुमाल! नाकाला लावला की दोन सेकंदांत माणूस आडवा. अहो, पाचेक मिनिटं लागतात त्याला, तीही रुमाल सतत दाबून धरला तर. तोवर समोरचा बोचकारेल, लाथा झाडेल, बोंब मारेल. इथे सहा फुटी हवालदार संध्याकाळी साडेसहाच्या लोकलमध्ये कोसळतो आणि शेजारचा पेपर वाचतोय. साडेसहाच्या लोकलमध्ये! पाय ठेवायला जागा नसते तिथे, हा पडला कुठे? लिहिणारा कधी लोकलमध्ये चढलाय का?

मग ती निळी टॉर्च. मारली की भिंतीवरचं रक्त चमचम. रक्त त्या उजेडात चमकत नाही, काळं दिसतं. चमकवायचं तर अंधार करून ल्युमिनॉल नावाचं रसायन फवारावं लागतं. डीएनएचा रिपोर्ट तर कॉफी निवायच्या आत हातात!

आणि खुनी कायम बुद्धिमान. व्हायोलिन वाजवणार, संस्कृत श्लोक म्हणणार. याची मला सगळ्यात जास्त चीड आहे. १९६८ साली मुंबईत एकामागून एक खून करणारा रमण राघव सापडला तेव्हा त्याच्याजवळ काय निघालं? चष्मा, कंगवे, कात्री, साबण, लसूण, चहापूड. त्या लसूण-चहापुडीने माझ्या अंगावर काटा येतो, तुमच्या व्हायोलिनने नाही येत.

पण कळस पुढेच. सातवा खून झालाय, शहर हादरलंय, टीव्हीवर दिवसरात्र तेच. रात्री साडेबाराला बेल वाजते. घरात एकटी बाई. ती उठते, केस सारखे करते आणि सरळ दार उघडते. ‘कोण?’ एवढंही विचारत नाही!

मी पुण्यात वाढलो. ७६-७७ साली जोशी-अभ्यंकरांची हत्याकांडं झाली तेव्हा दुसरीत होतो. एकूण दहा जीव गेले. करणारी कॉलेजातली पोरं, नायलॉनच्या दोरीने गळा आवळायची. कसली प्रतिभा नि कसलं काय! शेवटी नदीत बुडवलेला देह वर आला आणि त्यांच्यातलाच एक माफीचा साक्षीदार झाला. त्या दिवसांत आमच्या वाड्यात दिवेलागणीला कड्या लागायच्या. वडिलांना यायला उशीर झाला की आई आतूनच नाव विचारायची, आवाज ओळखायची, मगच कडी काढायची. आम्ही पोरं तिच्या पदराला धरून उभी.

ही भीती ज्यांनी भोगलीय त्यांच्यासमोर तुम्ही असलं दार उघडून दाखवता? लाज वाटायला हवी.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. अजूनही बेल वाजली की आधी खिडकीतून बघते, मग साखळी लावूनच दार उघडते. बाहेर मी असलो तरी.