तुटलेला बोल्ट ‘दोन मिनिटांत’ निघत नाही

घरी गाडीचं काम करताना पार्ट तुटला तर काय करायचं, हे सांगणारा एक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. मला तो तीन नातेवाइकांकडून आला. त्यात चार गोष्टी आहेत: तुटलेला बोल्ट ईझी-आउटने (बोल्टात भोक पाडून आत अडकवायचं, उलट्या आट्यांचं हत्यार) दोन मिनिटांत निघतो, प्लॅस्टिकचा पार्ट फेविक्विक आणि खायचा सोडा लावून जोडा, दगडासारखा होतो, चाकाचा एखादा स्टड (ज्यावर चाकाचा नट बसतो तो बोल्ट) तुटला तरी बाकीच्यांवर गाडी चालते, आणि मेकॅनिककडे गेलात तर ‘आधीपासूनच तुटलेला होता’ म्हणा. घरी काम करण्याला माझा विरोध नाही. नाशिकला इंदिरानगरातल्या आमच्या पार्किंगमध्ये मी रविवारी पाने घेऊन बसतोच. म्हणूनच हा मेसेज खटकतो.

बोल्टाचं आधी. बोल्ट सोडवताना तुटला, म्हणजे तो आत जाम होता. अ‍ॅल्युमिनियममध्ये लोखंडी बोल्ट वर्षानुवर्षं बसला आणि कूलंटची ओल लागली, की आट्यांत पांढरी भुकटी धरते. डोक्याला पाना लावून जो फिरला नाही, तो मधोमध भोक पाडून त्याहून बारीक हत्याराने कसा फिरेल? ईझी-आउट निमुळता असतो. जोर लावाल तसा तो उरलेल्या बोल्टाला आतून फुगवतो आणि बोल्ट आणखी आवळतो. शिवाय तो फार कडक, पण ठिसूळ. आतच मोडला, तर साध्या ड्रिलने त्याला ओरखडाही पडत नाही.

हे मी स्वतःच्या हाताने करून बसलोय. थर्मोस्टॅट हाउसिंगचा, म्हणजे कूलंटचा प्रवाह सांभाळणाऱ्या झडपेच्या अ‍ॅल्युमिनियमच्या घराचा, 10 नंबरचा बोल्ट तुटला, मी ईझी-आउट घातला आणि तोही आत मोडला. सोमवारी हाउसिंग काढून अंबडला एका लेथवाल्या दादांकडे गेलो. त्यांनी भोकात बॅटरीचा उजेड मारला आणि पहिला प्रश्न विचारला, “आत काय मोडलंय?” सांगितलं. त्यांनी पंच ठेवून हातोडी मारली. पंच काचेवरून घसरावा तसा घसरला. हातातला ड्रिल त्यांनी खाली ठेवला. “स्पार्क इरोजनला द्यावं लागेल.” म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी कडक धातू झिजवून काढणाऱ्या मशीनला. काही रुपयांच्या बोल्टापायी दोन दिवस गाडी उभी राहिली.

बोल्टाचं टोक बाहेर असेल, तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर थांबा. मग व्हाइस ग्रिपने (आवळून लॉक होणाऱ्या पकडीने) पकडून थोडं पुढे, थोडं मागे, असं हलवत काढा. टोक आतच राहिलं असेल, तर वेल्डिंगवाला त्यावर नट वेल्ड करून देतो. त्या उष्णतेनेच पकड सुटते. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी मात्र काढा.

गोंदाचं म्हणणं अर्धं खरं आहे. डॅशबोर्डच्या आतली क्लिप, कव्हरचा कान, असल्या ठिकाणी तो चालतो. पण लोक तो रेडिएटरच्या तुटलेल्या निपलला (जिथे पाइप बसतो त्या तोंडाला) लावतात, तिथे घात होतो. साध्या इन्स्टंट गोंदाची पकड 80 अंशांच्या आसपास ढिली पडू लागते. कूलंट 90 च्या वर जातं, तेही दाबाखाली. रेडिएटरच्या झाकणावर 0.9 किंवा 1.1 छापलेलं असतं, तो हाच दाब, बारमध्ये. सोड्याने जोड कडक होतो, पण ठिसूळही होतो. शहरात आठवडाभर टिकलेला असा जोड भर उन्हात कसारा घाट चढताना सुटला, तर तापमानाचा काटा लाल खुणेवर जाईपर्यंत कळतही नाही. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी बदला, नाहीतर अख्खा रेडिएटर.

स्टडबद्दल फार बोलायला नको. लहान गाड्यांना चाकाला बहुधा चारच असतात. एक गेला की त्याचा भार शेजारच्यांवर येतो आणि तेही थकतात. स्टड स्वस्त मिळतो. तो बसेपर्यंत गाडी हलवू नका.

सगळ्यात वाईट सल्ला शेवटचा आहे. अंबडच्या त्या दादांना मी ‘आधीपासूनच होता’ म्हणालो असतो, तर त्यांनी सरळ ड्रिल घातला असता. तो मोडला असता, तिरका जाऊन अ‍ॅल्युमिनियमचे आटे कुरतडले असते आणि बोल्टाबरोबर हाउसिंगही गेलं असतं. काय तुटलं, किती जोर लावला, आत काय घातलं, एखादा तुकडा इंजिनात पडलाय का, हे त्या माणसाला कळायलाच हवं. तुकडा पडल्याची नुसती शंका असली, तरी सेल मारू नका. आणि जे तुकडे हाती लागले, ते पुडीत बांधून सोबत न्या. ते जुळवून पाहिले, की आत काही राहिलंय का ते लगेच कळतं.