मावशे, हप्तो!

शहरातल्या फ्लॅटवाल्यांचं एक बरं असतं, दाराला काचेचं भोक असतं, बेल वाजली की आतून डोळा लावायचा, बाहेर विमा एजंट दिसला की श्वास रोखून गप्प उभं राहायचं, जातो बिचारा. आमच्या देवगडाकडच्या घराला ही सोय नाही. पुढे खळं, मग पडवी, मग ओटी, सगळं उघडं. आणि पडवीत मी पेपर वाचत बसलेला, म्हणजे खालच्या पाणंदीतून वर येणाऱ्याला आधी माझा बनियन दिसतो आणि मग घर. बरं मागल्या दाराने कलमांच्या बागेत सटकावं तर आमचा कुत्रा फिरायला निघालो समजून आनंदाने माझ्यामागे भुंकत सुटतो आणि मी नेमका कुठे लपलोय ते अख्ख्या वाडीला कळवतो.

आमचा एजंट आईच्या मावसबहिणीचा मुलगा. नात्याने माझा दादा. तुमचाही असाच कोणीतरी लागणारा असणार, परक्या माणसाकडून विमा घेतलेला माणूस माझ्या तरी बघण्यात नाही. आमच्या घरात जेवढ्या म्हणून पॉलिस्या आहेत त्यातली एकही आम्ही गरज ओळखून वगैरे घेतलेली नाही, सगळ्या भिडेने घेतल्यात. एक त्याचं टार्गेट अडलं होतं म्हणून, एक त्याच्या डेव्हलपमेंट ऑफिसरची बदली होणार होती म्हणून, आणि एक मार्चएंडला माझा टॅक्स वाचवायला, तेव्हा माझा पगार टॅक्स लागण्याइतका नव्हताच पण हे मला सही झाल्यावर समजलं.

गाडीचा आवाज चढावावर आला की आई आतून खूण करते, मी ओटीवरून माजघरात. मग संवाद ठरलेला.

"मावशे, हप्तो! झील खंय गेलो तुझो?"

"तो नाय घरात. कुडाळाक गेलो."

"मगे ही चपला कोणाची?"

आईला खोटं बोलता येतं, पण एकच वाक्य. दुसऱ्या वाक्याला ती सरळ म्हणते, "भायर ये रे, तेना बघल्यान." मग मी जांभई देत बाहेर येतो, जणू कुडाळ माजघरातच आहे. तोपर्यंत दादा पडवीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेला असतो आणि खुर्चीचे चारही पाय चार दिशांना निघालेले असतात.

याचं टायमिंग हा एक वेगळाच विषय आहे. वार्षिक हप्त्याला ड्यू डेटनंतर एक महिन्याचा ग्रेस पिरियड, म्हणजे सवलतीची मुदत मिळते, पण हा ड्यू डेटच्या आधी येतो आणि तो दिवस कसा निवडतो तर ज्या दिवशी आमच्याकडे बांगड्याचं तिखलं असेल तोच. आमच्या पॉलिस्यांच्या तारखासुद्धा त्यानेच मे अखेरीला आणून ठेवल्यात. का, तर आंब्याचे पैसे. पेटीला काय दर लागला, कॅनिंगला किती किलो गेला, दलालाने कापून किती दिले हे मला बायकोला सांगायच्या आधी याला ठाऊक असतं. खालच्या बंदरावरच्या घरांत मात्र तो जून-जुलैत फिरकत नाही कारण मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, हातात पैसा नाही. चतुर्थीला मुंबईचे चाकरमानी आले की तर विचारूच नका, हा आरतीला पहिल्या रांगेत, आणि प्रसाद घेताना शेजारच्याला विचारणार, पोरग्याचो जलम कधीचो रे?

पण खरा छळ म्हणजे प्रपोजल फॉर्म. हप्ता काय, दिला की संपला, फॉर्म ही घरातल्या सगळ्यांसमोर होणारी चौकशी आहे. माझा फॉर्म भरताना बाबा झोपाळ्यावर बसलेले. दादा मोठ्याने वाचतोय, वडील हयात आहेत का, असल्यास वय, नसल्यास मृत्यूचं कारण. बाबांना ऐकू कमी येतं पण नेमकं हेच ऐकू आलं. म्हणाले, "लिव, अजून ठराक नाय."

मग वय. बाबांच्या दाखल्यावर 1 जून आहे. आमच्या गावातल्या त्या पिढीतल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस 1 जूनला येतो कारण शाळेत नाव घालायला गेलं की मास्तर तीच तारीख टाकून मोकळे व्हायचे. बाबांचा स्वतःचा हिशेब वेगळा, रामदास बोट बुडाली तेव्हा ते पाच वर्षांचे होते. बोट बुडाली 17 जुलै 1947ला, ही तारीख पक्की, म्हणजे आमच्या घरात बोटीचा मृत्यूचा दाखला आहे पण बाबांचा जन्माचा नाही. दादाने डोकं खाजवलं आणि 1 जून लिहून टाकलं.

त्याला तेवढ्यात वाटलं की बाबांनाही काहीतरी विकता येईल. 2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळात आमचा एक माड स्वयंपाकघरावर आडवा झालेला, ते बाबा विसरलेले नव्हते. म्हणाले, "माझो कसलो विमो काढतंस, माडाचो काढ. मी पडतलंय तर एकटोच पडतलंय, माड पडतलो तो कौलां घेवन पडतलो." आता याला उत्तर काय देणार. आंब्याला हवामानाचा फळपीक विमा मिळतो हे बाबांना माहीत होतं, त्यामुळे माणसापेक्षा कलमाची किंमत जास्त हे सरकारनेच मान्य केलंय असा त्यांचा समज आहे आणि तो अजून कोणी दूर केलेला नाही.

शेवटी सह्या. इथे सही, इथे सही, इथे पण एक. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालताना गावकर बोलत असतो आणि मागे सगळे न ऐकता "होय म्हाराजा" म्हणत असतात, तशा मी सह्या केल्या. नॉमिनी बायको? होय म्हाराजा. दारू, तंबाखू नाही? इथे मी जरा थांबलो तर दादाच बोलला, होय म्हाराजा.

आई मात्र अशी सहजासहजी महाराजा म्हणणारी नाही. तिने मासेवालीशी करते तशी घासाघीस सुरू केली, हप्त्यातले थोडे कमी कर. दादा एकदम गंभीर झाला. विमा कायद्याचं कलम 41, म्हणाला, एजंटाने कमिशनातली सूट गिऱ्हाईकाला द्यायची नाही, 10 लाखांपर्यंत दंड. ते खरंच आहे, 2015च्या दुरुस्तीत तो दंड वाढला, त्याच्या आधी 500 रुपये होता. आईने शांतपणे विचारलं, "म्हणान काय पाचशे दंड होतो तेव्हा माझो पयलो हप्तो तूच भरलेलंस?" दादाने पाणी मागितलं.

मध्यंतरी मी ठरवलं की आता हे बंद, सगळं ऑनलाईन. मोबाईलवर भरून टाकलं आणि वर त्याला कायदाही ऐकवला, की बाबा रे, 1997 साली सुप्रीम कोर्टापर्यंत एक प्रकरण गेलं होतं, विमेदाराने हप्त्याचा चेक एजंटाला दिला, एजंटाने तो वटवला आणि कंपनीत पैसे भरले कधी, तर माणूस अपघातात गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. कोर्ट म्हणालं हप्ता घ्यायचा अधिकार एजंटाला नव्हताच, त्याला दिला म्हणजे कंपनीला दिला असं होत नाही. आता काही एजंटांना कंपनी तसा अधिकार देते, पण तेव्हा पॉलिसी लॅप्स, म्हणजे बंद पडलेलीच धरली.

मला वाटलं आता चिडेल. त्याने बॅगेतून पावत्यांचा गठ्ठा काढला. वाडीतल्या अर्ध्या घरांच्या, सगळ्या छापील, सगळ्या आधीच भरलेल्या. म्हणजे हा ग्रेस पिरियड संपायच्या आत स्वतःच्या खिशातून भरतो आणि मग दारोदार वसूल करत हिंडतो. आई म्हणाली, "मगे हो हप्तो नाय, ही उधारी." आणि माझ्याकडे असं बघितलं जसं काय ती मीच थकवलीये. जुन्या पॉलिसीवर त्याला शंभरामागे पाच रुपये सुटतात, त्यात हे चढउतार, हे पेट्रोल. आमच्याकडच्या बांगड्यांशिवाय धंद्यात नफा तो कुठला असणार कोण जाणे.

22 सप्टेंबर 2025ला ऐन घटस्थापनेच्या दिवशी तो घाईघाईत आला, वैयक्तिक विम्यावरचा जीएसटी शून्य झाला म्हणून सांगायला. मी म्हटलं हप्ते तर मेमध्येच गेले. तो म्हणाला म्हणूनच नवीन घेऊया. तेव्हा आईने पहिल्यांदाच त्याला विचारलं,

"मेल्या, तुझो सोताचो विमो आसा काय रे?"

"आसा गे."

"हप्ते?"

दादा कुत्र्याशी खेळायला लागला. मग म्हणाला, "लॅप्स झाली हा."

पुढे जे झालं त्यात कायद्याचा काही संबंध नाही. आईने त्याला बॅगेतून रिव्हायवलचा फॉर्म काढायला लावला, पेन माझ्या हातात दिलं आणि स्वतः ताट वाढायला आत गेली. बऱ्याच दिवसांची बंद पडलेली पॉलिसी परत चालू करायची तर तब्येत चांगली असल्याचं लिहून द्यावं लागतं. मी पाय लांब करून बसलो आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायला लागलो. ऑपरेशन? नाही. बीपी? नाही. शुगर? थोडा विचार करून, नाही.

"वजन?"

"लिव बहात्तर."

आतून आवाज आला, "माझ्या खुर्चयेक इचार!"