शाकाहारी मंडळींसाठी थोडी भर

सुशी म्हणजे खिशाला चाट आणि शाकाहारी माणसाने तिथे नुसता चहा प्यायचा, असा इथल्या सुशीवरच्या लेखाचा सूर वाटला. तोक्योच्या गिन्झा या महागड्या भागातल्या दुकानांबद्दल मान्य. पण गल्लीतल्या फिरत्या पट्ट्याच्या सुशीची, म्हणजे पट्ट्यावरून समोर येणाऱ्या बश्या उचलून खायच्या दुकानांची, गोष्ट वेगळी आहे. बिअर कारखान्यातला पट्टा पाहून योशिआकी शिराइशी यांना ही कल्पना सुचली आणि १९५८ साली हिगाशी-ओसाकात असं पहिलं दुकान निघालं. तिथे थाट कसला!

आम्ही तोक्योत निशी-कासाईला राहतो. इथे येणारी आपली माणसं काप्पा-माकी, म्हणजे काकडी घातलेली भाताची गुंडाळी, आवडीने खातात. इनारी, म्हणजे टोफूच्या पिशवीत भरलेला भात, मात्र विचारून घ्या. त्यातलं तळलेलं टोफू बहुधा दाशी या जपानी रश्शात शिजवतात आणि दाशीत सहसा माशाचा अर्क असतो. तामागोचंही, म्हणजे अंड्याच्या जपानी ऑम्लेटचंही, तेच.

चॉपस्टिक जमत नसतील तर खुशाल हाताने खा, निगिरी (भाताच्या मुटक्यावर माशाचा वगैरे काप ठेवलेली सुशी) हाताने खाणं तिथे रीतीला धरूनच आहे. फक्त सोया सॉसमध्ये वरच्या कापाची बाजू टेकवा, भात बुडवलात की सुटून वाटीत पसरतो. आणि मुलं सोबत असतील तर टेबलावरच्या नळावर लक्ष ठेवा हो, तो हात धुवायला नसतो, त्यातून चहासाठी कढत पाणी येतं!